मेंदूवर फोकस्ड अल्ट्रासाऊंड: धोके नेमके कुठे आहेत?

मुळाकाठ (धागाकर्ती), औंध

नमस्कार मंडळी. माझ्या बाबांना एसेन्शियल ट्रेमर, म्हणजे हात थरथरण्याचा आजार आहे. कंपवात (पार्किन्सन्स) नाही, हे तपासून झालंय. वय ७४. खडकीच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. आता उजवा हात इतका थरथरतो की बँकेत सही जुळत नाही, चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागतो. कंपावरच्या औषधांपैकी प्रोप्रॅनोलॉल दम्यामुळे देता येत नाही. प्रिमिडोनने दिवसभर झापड यायची आणि तोल जायचा, म्हणून डॉक्टरांनीच ते थांबवलं. आता एमआरआयच्या मदतीने मेंदूवर फोकस्ड अल्ट्रासाऊंड करायचा विषय निघाला आहे. त्यासाठी पुण्याबाहेर जावं लागेल, खर्चही मोठा आहे, पण तो प्रश्न नंतरचा.

घरात दोन तट पडलेत. भावोजी म्हणतात, "सोनोग्राफीच ती. गरोदर बायकांची करतात. तिने काय होणार?" आई म्हणते, "डोक्यात काही जाळणार असतील तर आधी मला नीट समजावून सांगा, मग सही करा." मला आईचं म्हणणं पटतं. हातात आलेल्या माहितीपत्रकात फायद्यांना दोन पानं आणि धोक्यांना एक ओळ आहे.

म्हणून इथे विचारते. काय बिघडू शकतं? किती जणांचं बिघडतं? बिघडलेलं सुधारतं की कायमचं राहतं? आणि कोणाला धोका जास्त, हे आधी कळू शकतं का? ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांनी सविस्तर लिहा, लांबलं तरी चालेल.

अनुनाद, भोसरी

मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही. वेल्डिंगच्या जोडांत भेगा शोधायला अल्ट्रासॉनिक चाचणी करतात, त्या कामात बरीच वर्षं आहे. या विषयाचं वाचन मात्र मनापासून केलंय, कारण घरात कंपवात आहे. भौतिकशास्त्राची बाजू सांगतो, औषधाची बाजू जाणकार सांगतील.

तुमच्या भावोजींचं अर्धंच बरोबर आहे. लहरी त्याच जातीच्या, पण काम अगदी उलटं. सोनोग्राफीत आवाज पाठवून प्रतिध्वनी ऐकायचा असतो, पेशींना शक्यतो काहीही व्हायला नको असतं. इथे मेंदूचा एक बिंदू मुद्दाम ५५ ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून कायमचा निकामी करायचा असतो. भिंगाने ऊन एका ठिकाणी आणतात तसं १०२४ छोट्या ट्रान्सड्यूसरांचा (आवाज सोडणाऱ्या चकत्यांचा) आवाज एका बिंदूवर आणतात. प्रत्येकातून निघणारी लहर सौम्य असते, ती वाटेतल्या मेंदूला जाळत नाही. सगळ्या जिथे एकत्र येतात तिथेच उष्णता साचते. कंपासाठी वापरतात त्या यंत्राची वारंवारता साधारण ६५० किलोहर्ट्झ. मऊ पेशीत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे १५४० मीटर धरला तर तरंगलांबी येते अडीच मिलिमीटरच्या आतबाहेर. बिंदू किती बारीक करता येईल याची मर्यादा त्यातूनच ठरते.

खरी अडचण कवटीची. हाडात आवाज मऊ पेशीपेक्षा जवळपास दुप्पट वेगाने जातो, शिवाय हाड तो शोषून स्वतः तापतं. कवटीची जाडी जागोजागी वेगळी, त्यामुळे प्रत्येक लहर वेगळ्या वेळी पोचते आणि बिंदू विस्कटतो. १९५० च्या दशकात अमेरिकेत विल्यम आणि फ्रान्सिस फ्राय या भावांनी मेंदूवर हे प्रयोग केले, तेव्हा कवटीचा तुकडा काढूनच आवाज आत सोडावा लागला होता. आज रुग्णाच्या सीटी स्कॅनवरून संगणक प्रत्येक ट्रान्सड्यूसरची वेळ वेगळी जुळवतो, म्हणून कवटी उघडावी लागत नाही.

मुळाकाठताई, "आधी कळू शकतं का" याचं एक उत्तर इथेच आहे. सीटीवरून कवटीचं घनता गुणोत्तर काढतात. हाडाच्या मधल्या सच्छिद्र थराची घनता भागिले बाहेरच्या कठीण थराची घनता. आकडा १ च्या जवळ म्हणजे कवटी एकसारखी, आवाज चांगला आत जातो. ०.४५ च्या वर असेल तर सहसा अडचण येत नाही. ०.४० च्या खाली गेला की तेवढंच तापमान गाठायला खूप जास्त ऊर्जा ओतावी लागते, ती हाडात साठते, रुग्णाला डोकं असह्य दुखतं आणि कधी कधी हवं ते तापमान येतच नाही. कवटीच्या मज्जेला उष्णतेने इजा झाल्याचे नंतरच्या एमआरआयवर दिसलेले रुग्णही नोंदले गेलेत. हा आकडा पुण्यात बसून काढून घेता येतो, तो आल्याशिवाय तिकिटं काढू नका.

शेवंती

पूर्ण टक्कल करतात ते का? आमच्या ओळखीतल्या एका काकूंनी केवळ त्यासाठी नकार दिला.

अनुनाद, भोसरी

केसांत हवेचे बुडबुडे अडकतात. आवाज हवेतून पलीकडे जात नाही, तिथेच अडतो आणि कातडी भाजते. म्हणून डोकं पूर्ण भादरतात. डोक्याभोवती थंड पाणी फिरवतात, तेही आधी त्यातली विरघळलेली हवा काढून टाकलेलं. थंड पाणी कातडी आणि हाड गार ठेवतं. प्रत्येक वेळी आवाज सोडल्यावर मध्ये थांबतात, तेही हाड निवावं म्हणून. काकूंना हे कारण सांगितलं तर कदाचित त्यांचं मत बदलेल. केस परत येतात.

निवृत्त_मेंदूवैद्य, एरंडवणे

अनुनाद यांनी पाया चांगला घातला आहे. मी आता आकड्यांकडे वळतो, कारण धागाकर्तीने "किती जणांचं" असं नेमकं विचारलं आहे आणि हाच प्रश्न घरच्यांनी विचारायला हवा.

एसेन्शियल ट्रेमरसाठी या उपचाराचा मुख्य पुरावा २०१६ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या चाचणीचा. ७६ रुग्ण. ५६ जणांना खरा उपचार, २० जणांना फक्त देखावा, म्हणजे डोकं जखडणारी चौकट, टक्कल, यंत्र सगळं तेच, पण ऊर्जा सोडली नाही. तीन महिन्यांनी खऱ्या गटात हाताच्या कंपाचा गुणांक ४७ टक्क्यांनी उतरला, देखाव्याच्या गटात जवळजवळ काहीच फरक नाही. वर्षाने ही सुधारणा ४० टक्के उरली होती. त्याच वर्षी अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध-उपकरण नियामक संस्थेने, मान्यता दिली.

आता दुसरी बाजू. ३६ टक्के रुग्णांच्या चालण्यात बिघाड झाला. ३८ टक्क्यांना बधिरपणा किंवा मुंग्या आल्या, बहुधा ओठ, चेहरा, बोटं इथे. वर्षाने चालण्याचा त्रास ९ टक्क्यांत आणि बधिरपणा १४ टक्क्यांत शिल्लक होता. म्हणजे सुरुवातीला दर तिघांत एकाहून जास्त, आणि कायमचं म्हणावं असं दर दहा-अकरांत एकाचं चालणं. एका ओळीत बसवावी अशी ही माहिती नाही.

हे का होतं ते समजलं तर भीती आणि विश्वास दोन्ही योग्य मापात राहतात. जो पेशीसमूह निकामी करायचा तो मेंदूच्या आत खोलवर असलेल्या थॅलॅमसमधला. त्याच्या लगेच मागे स्पर्शाचा पेशीसमूह आहे, जखम मागे सरकली की बधिरपणा. बाहेरच्या बाजूला हातापायांची ताकद नेणाऱ्या तंतूंचा जाड पट्टा आहे, तिकडे सरकली की अशक्तपणा. खाली उतरली की लहान मेंदूकडून येणारे तंतू सापडतात आणि तोल जातो. ही सगळी अंतरं मिलिमीटरांची आहेत. शिवाय जखमेभोवती पहिल्या आठवड्यात सूज येते, त्यामुळे सुरुवातीचा त्रास मोठा दिसतो. सूज उतरली की त्यातला बराचसा जातो, आणि जो राहतो तो जखमेचा स्वतःचा.

या यंत्रात सुरक्षेची जी खरी सोय आहे ती अशी. रुग्ण जागा असतो. डॉक्टर आधी कमी ऊर्जेने तापमान ४५ अंशांच्या आसपास नेतात, त्या तापमानाला परिणाम तात्पुरता असतो. एमआरआय त्याच वेळी तापमान मोजत असतो. मग हात पुढे करायला सांगतात, बोलायला लावतात, कागदावर चक्राकार रेघ काढायला लावतात. ओठ बधिर झाला असं रुग्णाने सांगितलं तर जागा अर्ध्या-एक मिलिमीटरने हलवतात. सगळं ठीक वाटलं तरच पुढे जातात. रुग्णाच्या हातात थांबवायचं बटण असतं. धागाकर्तीला माझं आग्रहाचं सांगणं: बाबांना हे आधी समजावा. बरेच ज्येष्ठ "डॉक्टरांना त्रास नको" म्हणून जे होतंय ते सांगत नाहीत. इथे न सांगणं हाच मोठा धोका आहे.

एक गोष्ट मात्र या टप्प्यावरही कळत नाही. रुग्ण आडवा असतो, डोकं चौकटीत घट्ट. चालून दाखवता येत नाही. म्हणून चालण्याचा बिघाड बहुतेक वेळा टेबलावरून उतरल्यावरच समजतो.

कर्वेनगरची_सुधा

डॉक्टर, तुमचं शेवटचं वाक्य मला त्या वेळी कोणी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं.

यांचं (माझ्या यजमानांचं) दोन वर्षांपूर्वी मुलाकडे परदेशात झालं. यांनाही एसेन्शियल ट्रेमर. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही, माणसं मायाळू होती, कामही नेटकं झालं. सकाळी आत गेले. चौकटीचे चार खिळे कपाळाला आणि मागे बसवताना दुखलं, तेवढी भूल देतात. आवाज सोडताना डोक्यात एकदम उष्ण कळ आणि मग गरगर, उलटीची भावना, हे प्रत्येक वेळी. शेवटच्या मोठ्या माऱ्यांच्या वेळी तर यांनी माझ्या मुलाला सांगितलं की पुन्हा म्हणाल तर येणार नाही. कपाळ दोनतीन दिवस सुजलं होतं.

हात मात्र थांबला. यांनी तिथल्या तिथे पेला उचलून पाणी प्यायलं आणि आम्ही दोघंही रडलो. ते मी कधी विसरणार नाही, आणि या उपचाराला नावं ठेवायला मी इथे आलेली नाही.

पण दुसऱ्या दिवशी बाथरूमकडे जाताना हे उजवीकडे कलले. भिंत होती म्हणून वाचले. आम्हाला कोणी चालण्याबद्दल ठळकपणे सांगितलं नव्हतं. कागदावर असेल, पण सही घेताना त्या ओळीवर कोणी बोट ठेवलं नाही. पुढचे दोन-तीन महिने काठी, मग हळूहळू सुधारलं. ओठाच्या कोपऱ्याचा बधिरपणा अजून आहे, जेवताना कधी कधी कण लागलेला कळत नाही. यांची तक्रार नाही. माझी आहे ती न सांगण्याबद्दल. घरात गालिचे उचलून ठेवले असते, बाथरूमला दांडी लावून घेतली असती, मुलाने सुट्टी वाढवली असती. पंचाहत्तरीच्या माणसाचं खुब्याचं हाड मोडलं असतं तर स्थिर हाताचा काय उपयोग होता?

फिजिओ_कोथरूड

सुधाताई, अगदी खरं. हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय.

मुळाकाठ, जाण्याआधी बाबांच्या चालण्याची नोंद करून घ्या. एका रेषेत टाचेला पंजा लावून चालणं, एका पायावर उभं राहणं, खुर्चीतून उठून थोडं चालून परत येऊन बसायला लागणारा वेळ. कुठलीही फिजिओथेरपिस्ट हे करून देईल. दोन उपयोग: आधीच तोल कच्चा असेल तर तो आकड्यात दिसेल आणि डॉक्टरांना निर्णयात धरता येईल. नंतर बिघडलं तर किती बिघडलं हे कळेल. एसेन्शियल ट्रेमर जुना असला की पुष्कळांचा तोल मुळातच थोडा गेलेला असतो, घरच्यांना ते वयाचं वाटतं. प्रिमिडोनवर तोल जात होता असं तुम्ही लिहिलंय, त्यामुळे हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

आणि वेगळा एक मुद्दा, पण इथेच लिहायला हवा. गेल्या काही महिन्यांत माझ्याकडे येणाऱ्यांपैकी काहींनी विचारलं, "मॅडम, तुमच्याकडे पण अल्ट्रासाऊंड आहे, ते डोक्याला लावा ना, कंप जातो म्हणतात." आमचं यंत्र १ किंवा ३ मेगाहर्ट्झचं, स्नायू आणि कंडरा शेकायला. ते एका बिंदूवर एकवटत नाही, त्याला एमआरआयचा डोळा नाही. डोक्यावर धरलं तर बहुतेक ऊर्जा कातडीत आणि हाडात जाईल. हाडाचं आवरण तापलं की भयंकर दुखतं आणि भाजतंही. मेंदूला फायदा शून्य. कोणी करून देतो म्हणालं तर तिथून उठून या.

रात्रपाळी, हिंजवडी

सगळं वाचलं, फार चांगला धागा. माझा प्रश्न थोडा बाजूचा आहे. मला बरीच वर्षं नैराश्य आहे, औषधं चालू आहेत. कमी तीव्रतेचा फोकस्ड अल्ट्रासाऊंड, ज्यात काही जाळत नाहीत, फक्त मेंदूचा भाग तात्पुरता उत्तेजित किंवा शांत करतात, त्याबद्दल वाचतोय. परदेशातल्या गटांवर लोक घरी उपकरण बनवतात. ट्रान्सड्यूसर ऑनलाइन मिळतात, पुण्यातल्या तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातही चौकशी केली. सोनोग्राफीइतकीच तीव्रता ठेवली तर धोका नाही ना?

अनुनाद, भोसरी

मित्रा, आधी एक. नैराश्याबद्दल इथे मोकळेपणाने लिहिलंस, बरं केलंस. आता जे लिहितो ते तुझ्या काळजीपोटी लिहितो: हे घरी करू नकोस.

संशोधनात हे सावधपणे वापरतात तेव्हा चित्र आश्वासक आहे, हे खरं. २०२० साली एका गटाने आपल्या जुन्या प्रयोगांतल्या स्वयंसेवकांना विचारलं, ६४ जणांनी उत्तर दिलं, ७ जणांना या उपचाराशी संबंध असावा अशी सौम्य ते मध्यम लक्षणं होती. मान दुखणं, झोप येणं, खाज, डोकेदुखी अशी. गंभीर काही नाही. या क्षेत्रातल्या संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय गटाने मर्यादाही सुचवल्यात: यांत्रिक निर्देशांक (बुडबुड्यांमुळे इजा होण्याच्या धोक्याचं माप) १.९ च्या आत, तापमानवाढ २ अंशांच्या आत. पण या मर्यादा कवटीच्या आत पाळायच्या आहेत. प्रयोगशाळेत पाण्याच्या टाकीत हायड्रोफोनने, म्हणजे पाण्यातल्या मायक्रोफोनने, दाब मोजतात, मग त्या माणसाच्या स्कॅनवरून कवटीच्या पलीकडे किती पोचेल याचं गणित करतात. तुझ्याकडे हायड्रोफोन नाही, स्कॅनवरचं गणित नाही. यंत्रावरच्या व्होल्टवरून आत काय चाललंय ते कळत नाही.

सोनोग्राफीचंच म्हणशील तर तिथेही सगळीकडे एक मर्यादा नाही. एफडीएच्या जुन्या तक्त्यात प्रौढाच्या डोक्यासाठी सरासरी तीव्रता चौरस सेंटिमीटरला ९४ मिलिवॅट आणि डोळ्यासाठी फक्त १७. रक्तवाहिन्यांसाठी ७२०. अवयव बदलला की आकडा बदलतो.

आता तपकीर गल्लीबद्दल, कारण तिथलं सामान मला चांगलं माहीत आहे. तिथे सहज मिळणारे जाड ट्रान्सड्यूसर बहुतेक ४० किलोहर्ट्झचे, दागिने आणि सुटे भाग धुणाऱ्या टाक्यांचे. ते धुतात कसं? पाण्यात बुडबुडे तयार करून ते फोडतात. फुटणाऱ्या बुडबुड्याचा मार धातूवरचा मळ उखडतो. यांत्रिक निर्देशांक म्हणजे लहरीतला ऋण दाब मेगापास्कलमध्ये, भागिले मेगाहर्ट्झमधल्या वारंवारतेचं वर्गमूळ. वारंवारता खाली गेली की तेवढ्याच दाबाला निर्देशांक वर जातो. म्हणजे स्वस्तात मिळणारी वस्तू नेमकी सगळ्यात धोक्याच्या बाजूची.

निवृत्त_मेंदूवैद्य, एरंडवणे

अनुनाद यांच्या म्हणण्याला वैद्यकीय इतिहासातून जोड देतो, कारण "कमी तीव्रता म्हणजे निर्धोक" या समजुतीची किंमत एकदा मोजली गेली आहे.

पक्षाघातात गुठळी विरघळवणारं औषध देताना सोबत अल्ट्रासाऊंड दिला तर गुठळी लवकर सुटते, अशी कल्पना होती. जर्मनीत ट्रंबी नावाची चाचणी झाली, निष्कर्ष २००५ मध्ये आले. सुमारे ३०० किलोहर्ट्झचा, एकवटलेला नव्हे तर पसरलेला आवाज. कमी वारंवारता मुद्दाम घेतली, कवटीतून सहज जाते म्हणून. २६ रुग्णांवर चाचणी थांबवावी लागली. नुसतं औषध मिळालेल्या १२ पैकी ५ जणांच्या एमआरआयवर रक्तस्रावाच्या खुणा होत्या, अल्ट्रासाऊंडही मिळालेल्या १४ पैकी १३ जणांच्या. याचं एक कारण असं मानलं गेलं की आवाज समोरच्या कवटीवर आपटून परत फिरतो, जाणारी आणि येणारी लहर एकमेकींत मिसळून स्थिर लहरी उभ्या राहतात, आणि जिथे कोणी नेम धरलेला नाही तिथे दाब वाढतो. हे करणारी मंडळी प्रशिक्षित होती, त्यांच्यावर देखरेख होती, तरीही असं घडलं.

रात्रपाळी, तुमच्या औषधांनी पुरेसा उतार पडत नसेल तर ते तुमच्या मानसोपचारतज्ज्ञांना स्पष्ट सांगा. औषध बदलणं, जोडणं, चुंबकीय उत्तेजन, असे तपासलेले मार्ग पुण्यात उपलब्ध आहेत. अल्ट्रासाऊंडच्या एखाद्या नोंदणीकृत चाचणीत सहभागी व्हायचं असेल तर तिथे नैतिक समिती असते, विमा असतो, कोणीतरी जबाबदार असतं.

रात्रपाळी, हिंजवडी

धन्यवाद दोघांनाही. स्थिर लहरींचं मला माहीतच नव्हतं. पण एक विचारतो, ज्या लोकांना घरी करून "लगेच शांत वाटलं" त्यांचं काय?

अनुनाद, भोसरी

वाटलं असेलही, खोटं बोलत असतील असं मी म्हणत नाही. पण आवाजाचे ठोके सुरू-बंद होतात तेव्हा हाडातून कानापर्यंत टिकटिक किंवा बारीक शिट्टी पोचू शकते. २०१८ मध्ये प्राण्यांवरच्या दोन अभ्यासांत दिसलं की मेंदूचा जो प्रतिसाद थेट अल्ट्रासाऊंडचा वाटत होता, त्यातला मोठा भाग कानावाटे आलेला होता. तेव्हापासून चांगल्या प्रयोगांत कानात दुसरा आवाज लावून हा भाग वेगळा काढतात. घरच्या खोलीत ते कोण करणार? फायदा खरा की नाही हे कळायला मार्ग नाही, आणि जखम झाली तर तीही लगेच कळणार नाही. मेंदूत वेदना जाणवत नाही.

व्यनि (खाजगी निरोप) करतो तुला. शनिवारी वेळ असेल तर भेटू.

शेवंती

माझ्या आईला अल्झायमर आहे. अल्ट्रासाऊंडने मेंदूचा पडदा उघडून औषध आत सोडतात असं ऐकलं. तेही जाळणंच का?

निवृत्त_मेंदूवैद्य, एरंडवणे

नाही, ही तिसरी गोष्ट. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये जो अडसर आहे तो बहुतेक औषधांना आत जाऊ देत नाही. इथे शिरेतून अतिसूक्ष्म बुडबुडे सोडतात, हृदयाच्या सोनोग्राफीत वापरतात तशा प्रकारचे. कमी ऊर्जेच्या लहरींनी ते मेंदूच्या केशवाहिन्यांत आकुंचन-प्रसरण पावतात आणि भिंतीचे सांधे काही तासांसाठी सैल होतात. टोरोंटोच्या सनीब्रुक रुग्णालयात २०१५ मध्ये मेंदूच्या गाठीच्या रुग्णावर हे प्रथम केलं. २०१८ मध्ये तिथल्याच गटाने अल्झायमरच्या ५ रुग्णांवर केलं, २४ तासांत अडसर पुन्हा बंद झाल्याचं दिसलं. २०२४ च्या सुरुवातीला ३ रुग्णांत अ‍ॅड्युकॅनुमॅब या प्रतिपिंडासोबत केल्याचा अहवाल आला, उघडलेल्या भागातलं अमायलॉइड (अल्झायमरमध्ये मेंदूत साठणारं प्रथिन) न उघडलेल्या भागापेक्षा जास्त उतरलं.

धोका बुडबुड्यांचा आहे. हलके हलले तर दार किलकिलं होतं, जोरात फुटले तर केशवाहिनी फाटते आणि बारीक रक्तस्राव होतो. म्हणून यंत्र सतत बुडबुड्यांचा आवाज ऐकत असतं आणि तो फुटण्याकडे झुकला की ऊर्जा आपोआप कमी करतं. अल्झायमरमध्ये अडचण दुहेरी आहे, कारण काही रुग्णांच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीतही अमायलॉइड साठून त्या आधीच ठिसूळ झालेल्या असतात, आणि ही प्रतिपिंडं स्वतःच सूज व सूक्ष्म रक्तस्राव घडवू शकतात. ३ आणि ५ रुग्णांवरून मी कोणालाही "करा" म्हणणार नाही. तुमच्या आईसाठी आज हा उपचार नाही. त्या नावाने कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

शेवंती

समजलं डॉक्टर. स्पष्ट सांगितलंत, आभारी आहे.

मुळाकाठ (धागाकर्ती), औंध

सगळ्यांचे मनापासून आभार. आईला आणि भावोजींना पूर्ण धागा वाचून दाखवला. सुधाताईंचा प्रतिसाद आईने पुन्हा वाचायला लावला.

पुढे काय झालं ते सांगते. सीटी झाला, घनता गुणोत्तर ०.५१ आलं, म्हणजे कवटीची अडचण नाही. पण फिजिओताईंच्या सांगण्यावरून चालण्याची तपासणी करून घेतली, तर बाबांना एका रेषेत चालता येत नाही, चौथ्या-पाचव्या पावलाला पाय बाजूला पडतो. आम्हाला हे माहीतच नव्हतं. इथल्या न्यूरोलॉजिस्टनी ते पाहून सांगितलं की उपचार करू नये असं नाही, पण तुमच्या बाबांना कायमच्या बिघाडाची शक्यता सरासरीहून जास्त धरून निर्णय घ्या.

दोन शंका उरल्यात. डीबीएस, म्हणजे मेंदूत तार आणि छातीत बॅटरी, ते यापेक्षा सुरक्षित का? आणि डाव्या हातालाही थोडा कंप आहे, तर दोन्ही बाजू एकदम करता येतील का?

निवृत्त_मेंदूवैद्य, एरंडवणे

दुसऱ्याचं उत्तर आधी: एकदम नाही. दोन्ही बाजूंना जखम झाली की बोलणं, गिळणं आणि तोल यांचा धोका बराच वाढतो. एफडीएने दुसऱ्या बाजूला मान्यता दिली ती डिसेंबर २०२२ मध्ये, आणि पहिल्या बाजूनंतर किमान नऊ महिने थांबण्याच्या अटीवर. तोल आधीच कच्चा असताना बाबांच्या बाबतीत मी एका हातावर समाधान मानेन.

डीबीएसमध्ये कवटीला भोक पाडून तार आत घालतात, त्यामुळे रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग हे धोके अल्ट्रासाऊंडपेक्षा जास्त. बॅटरी बदलावी लागते, तार तुटू शकते. पण तिचा एक मोठा गुण आहे: चालणं किंवा बोलणं बिघडलं तर प्रवाह कमी करता येतो, बंद करता येतो. अल्ट्रासाऊंडची जखम मागे घेता येत नाही. ज्याचा तोल शंकास्पद आहे त्याच्यासाठी हा फरक लहान नाही. उलट ज्याला रक्तस्रावाची किंवा मोठ्या शस्त्रक्रियेची भीती जास्त, त्याच्यासाठी पारडं दुसरीकडे झुकतं. बाबांचा दमा कितपत आटोक्यात आहे तेही यात धरा, जागेपणी कित्येक तास सपाट झोपून राहावं लागतं.

केंद्राला फोन कराल तेव्हा त्यांच्या स्वतःच्या रुग्णांचे आकडे मागा. वर्षभरानंतर किती जणांचं चालणं बिघडलेलं राहिलं आणि किती जणांचा कंप परत आला, हे ज्यांना सांगता येतं तिथे जा.

कर्वेनगरची_सुधा

मुळाकाठ, बाबांना स्वतःला काय हवंय ते विचारलंस का गं? यांना लिहायचं होतं. बाबांना फक्त जेवता येणं हवं असेल तर जड मुठीचे चमचे, मनगटाला वजनाचा पट्टा, यानेही थोडं भागतं. आमच्याकडचा पट्टा पडून आहे, हवा तर घेऊन जा. आणि एखाद्या महिन्यात पार्किन्सन्स मित्रमंडळाच्या सभेला ये. एसेन्शियल ट्रेमर वेगळा असला तरी तिथे हात थरथरणाऱ्या माणसांसोबत संसार केलेल्या बायका भेटतात, त्यांना फार गोष्टी माहीत असतात.

मुळाकाठ (धागाकर्ती), औंध

विचारलं सुधाताई. ते म्हणाले, "सही येऊ दे, पण मला सकाळी फिरायला एकट्याने जाता आलं पाहिजे." दोन्हींपैकी एक निवडायचं झालं तर फिरणं. म्हणून सध्या डीबीएसबद्दल दुसरं मत घेतोय आणि अल्ट्रासाऊंडच्या केंद्राला आकडे विचारलेत, उत्तर आलं की इथे टाकते. पट्ट्यासाठी रविवारी येते.

पर्वतीपायथा

नवीन सदस्य आहे, पूर्ण धागा वाचला. माझ्या सासूबाईंना कंप आहे, त्यांना पेसमेकर आहे आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. त्यांचा विचार होऊ शकतो का?

निवृत्त_मेंदूवैद्य, एरंडवणे

हा उपचार सुरुवातीपासून शेवटपर्यंत एमआरआयच्या आत होतो, त्यामुळे पेसमेकर कोणत्या बनावटीचा आणि एमआरआयला चालणारा आहे का, यावर पहिल्याच पायरीला गाडी अडू शकते. त्याचं कार्ड शोधून ठेवा. गोळी काही दिवस थांबवता येईल का हे हृदयाचे डॉक्टर ठरवतील, घरच्या घरी बंद करू नका. कार्ड सापडलं की बनावट आणि वर्ष इथे लिहा.